चेंडू दिला, कप्तानी नाही

धारवाडचा एक कन्नडभाषिक मित्र आणि मी वसतिगृहाच्या एकाच खोलीत तीन वर्षे राहिलो. त्या तीन वर्षांत आमची भांडणे पुष्कळ झाली. पंख्यावरून झाली, दिव्यावरून झाली, आंघोळीच्या गरम पाण्यावरूनही झाली. ती सारी आता विसरली आहेत. एक मात्र पक्के लक्षात आहे. ते भांडण एका क्रिकेटपटूवरून झाले, आणि तो क्रिकेटपटू आम्हा दोघांच्याही जन्माआधीच हे जग सोडून गेला होता!

मित्राचे म्हणणे असे की, पालवणकर बाळू हे धारवाडचे. १९ मार्च १८७६ रोजी त्यांचा जन्म धारवाडात झाला, मग वाद कसला? माझे म्हणणे असे की, आडनावातच गाव आहे. पालवण रत्नागिरी जिल्ह्यातले, घराणे कोकणातले, आणि नाव झाले ते पुण्या-मुंबईला. तेव्हा बाळू आमचेच. गलका ऐकून शेजारच्या खोल्यांतली मुले आली. मराठी मुले माझ्या खाटेवर बसली, कन्नड मुले त्याच्या खाटेवर. जेवणाची वेळ टळून गेली, पण निकाल काही लागला नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मी सध्या सिल्वासात एका कारखान्यात नोकरीला आहे. माजी विद्यार्थ्याने अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून पाठवावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मला ते अर्धवट राहिलेले भांडण आठवले. आपल्या अंकात मराठी विभाग संपतो तिथे कन्नड विभाग सुरू होतो. या दोन विभागांच्या मधोमध ज्यांचे चरित्र छापले तर दोन्ही बाजूंच्या वाचकांना ते आपल्याच विभागातले वाटेल, असा माणूस पालवणकर बाळूंहून दुसरा मला सुचला नाही. हे चरित्र लिहायला मला आणखीही एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

बाळू जन्मले चांभार कुटुंबात. वडील लष्कराच्या आश्रयाने पोट भरणारे. त्या काळी जातीने ज्यांना गावाच्या कडेला ठेवले होते, त्यांच्यापैकी काहींना इंग्रजांच्या छावणीत काम मिळे. पालवणकर कुटुंब पुण्याला आले ते असेच. छावणीतले गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हा खेळ शिकले. त्यांच्या पाठचे गणपत आणि विठ्ठल यांनीही पुढे तीच वाट धरली. चौघे भाऊ मोठेपणी हिंदू संघाकडून खेळले. एका घरातून चार खेळाडू, आणि तेही अशा घरातून की ज्याच्या उंबऱ्याला शिवायलाही त्या वेळचे पुष्कळ लोक तयार नव्हते!

बाळूंची पहिली नोकरी पुण्याच्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे, पगार महिना ३ रुपये. कधीमधी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावे लागत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे पगार ४ रुपयांपासून सुरू झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे ही कामे झाली की साहेब लोकांना गोलंदाजी टाकायची. क्रिकेटवर पोट भरणे म्हणजे काय, हे या माणसाने अशा रीतीने सोळाव्या वर्षी जाणले. आज धंदेवाईक खेळाडू म्हटले की लिलावातील कोटींचे आकडे आठवतात. आपल्याकडचा एक पहिला धंदेवाईक गोलंदाज मात्र हातात झाडू घेऊन मैदानात उतरला.

बाळू डावखुरे होते. चेंडू मंदगतीने टाकीत, पण तो दोन्ही बाजूंना वळवीत, आणि त्याची उंची व वेग असे बदलीत की फलंदाजाचा अंदाज चुकावा. हे कसब त्यांना कोणा गुरूने शिकवले नाही. रोज तासन् तास चेंडू टाकूनच ते हाताला बसले. पूना जिमखान्याचा मोठा फलंदाज म्हणजे जे. जी. ग्रेग हा लष्करी अधिकारी. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, अशी एक कथा आहे. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवू. पण महिना चार रुपयांच्या माणसाने आठवड्यात चारदा साहेबाचा त्रिफळा उडवला तर महिन्यात त्याची कमाई दुपटी-तिपटीवर जाईल, हा हिशेब करून मला नेहमी गंमत वाटते. साहेबांनी एक गोष्ट मात्र बाळूंना कधी दिली नाही. ती म्हणजे बॅट. जाळीत त्यांना हजारो चेंडू टाकायला लावले, पण फलंदाजीची संधी कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची, घाम गाळण्याची गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती.

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्याला गोऱ्यांशी सामने खेळायचे होते, आणि गोऱ्यांना भारी पडणारा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर फिरवीत होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात मोठी खळबळ झाली. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, काही अनुकूल होते. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली. बाळू संघात आले. मैदानावर तोच चेंडू त्यांच्या हातून यष्टिरक्षकाकडे जाई, तिथून ब्राह्मण खेळाडूकडे, तिथून पुन्हा बाळूंकडे, आणि कोणाचा धर्म बुडत नसे. पण चहाची वेळ झाली की इतरांना चहा आत, चिनी मातीच्या कपात. बाळूंना बाहेर, मातीच्या कुल्हडात, पिऊन झाला की फेकून देण्याच्या! जेवणही वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे तर पाणी आणून ओतणारा माणूसही दलितच असायचा.

मित्रहो, हा चहाचा प्रसंग वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. मी मात्र त्यातल्या व्यवस्थेचा विचार करीत थांबतो. कोणी तरी त्या कुल्हडाची आठवण ठेवून तो आणवत असला पाहिजे. संघाच्या सामानात बॅटी, चेंडू, यष्ट्या यांच्याबरोबर एका कुल्हडाचीही मोजदाद होत असली पाहिजे. म्हणजे ही गोष्ट नकळत होत नव्हती. ती कोणाच्या तरी कामाच्या यादीत होती.

पुढे साताऱ्याला तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती दगडासारखी करून ठेवली होती, असे सांगतात. रोलरचे काम ज्याने स्वतः वर्षानुवर्षे केले त्याला असल्या खेळपट्टीचे काय भय! बाळूंनी ७ बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. त्यानंतर पुण्यात झालेल्या कौतुकाच्या वेळी न्यायमूर्ती रानड्यांनी क्लबाच्या लोकांना समज दिली की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणेही झाले पाहिजे. लोकमान्य टिळकांनीही बाळूंची जाहीर प्रशंसा केली. ज्या दोघांचे एकमेकांशी पटत नसे, ते दोघेही या गोलंदाजाच्या बाबतीत एका बाजूला आले.

पुण्यात प्लेग आला त्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तिथे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. सिल्वासात रेल्वे नाही. आम्ही गाडी धरायला वापीला जातो. वापीवरून मुंबईकडे जाणारा रूळमार्ग म्हणजे तीच जुनी बी. बी. अँड सी. आय. १९५१ मध्ये तिचे नाव पश्चिम रेल्वे झाले. फलाटावर गाडीची वाट पाहताना पुष्कळदा मनात येते की, याच कंपनीच्या हजेरीपटावर एके काळी पालवणकर बाळू हे नाव होते.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. इथली हवा पुण्यापेक्षा मोकळी होती. संघातले लोक त्यांच्याबरोबर जेवूही लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांना १९१ आणि १०२ च करता आल्या. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव! वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असतानाचा हा विजय. बाळूंनी सामन्यात ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. दुसऱ्या वर्षी हिंदूंनी पुन्हा युरोपियनांना हरवले. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. प्रथम दर्जाचा म्हणून मोजला जाणारा पहिला सामना बाळू खेळले तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते. फिरकी गोलंदाजाच्या उमेदीची दहा-बारा वर्षे जाळीत साहेबांना सराव देण्यात आणि नोंद न राहिलेल्या सामन्यांत गेली. आणि पुढेही मोठे सामने वर्षाकाठी एक-दोनच. पुरा मोसम, म्हणजे एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जात आठवड्यामागून आठवडे खेळणे, बाळूंच्या वाट्याला आयुष्यात एकदाच आले. ते साल होते १९११.

त्या उन्हाळ्यात अखिल भारतीय म्हणवणारा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू, मुसलमान असे सारे होते. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे एकोणीस. मुंबईत आजही ज्यांच्या नावाची क्रिकेट लीग पावसाळ्यात खेळली जाते ते डॉ. कांगा त्या संघात होते. बंगळूरचे जयराम होते, त्यांचा उल्लेख कन्नड विभागाच्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. मुकुंद पै होते. आणि बाळू व शिवराम हे दोघे पालवणकर बंधू होते. पुण्यात कुल्हडातून चहा पिणारा माणूस पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या वर्षी विलायतेच्या बोटीत बसला. त्या वेळी बाळूंचे वय पस्तीस.

हा मोसम संघाच्या दृष्टीने वाईट गेला, हे आधीच सांगून टाकतो. एकंदर २३ सामने झाले. त्यांतले ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णीत राहिले. त्यांपैकी १४ सामने प्रथम दर्जाचे. त्यांत विजय फक्त २, पराभव १०. महाराजांचे अर्धे लक्ष लंडनच्या समारंभांत होते. राज्यारोहण सोहळा २२ जूनला झाला. महाराज थोडेच सामने खेळले, आणि त्यांचे चिटणीस असलेले चांगले फलंदाज मिस्त्री हेही त्यांच्याबरोबर संघापासून दुरावले. उरलेल्यांनी परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर आठवड्याला दोन-दोन सामने खेळून हार पत्करली.

पण या हरणाऱ्या संघाच्या धावफलकावर एक नाव दर सामन्याला येत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, गोलंदाज बाळू. जुलैत लेस्टरशायरविरुद्ध संघाने पहिला प्रथम दर्जाचा विजय मिळवला, बाळूंचे सामन्यात ११ बळी. दुसरा विजय सॉमरसेटवर, टाँटनच्या मैदानावर, तोही एकच गडी शिल्लक असताना! त्यात शिवरामांनी शतक ठोकले. म्हणजे संघाच्या दोन्ही मोठ्या विजयांवर या एकाच घरातल्या भावांची मुद्रा होती.

मोसम संपला तेव्हा बाळूंच्या नावावर एकूण ११४ बळी जमा होते. २३ सामन्यांवर वाटले तर सामन्यामागे जवळजवळ पाच. त्यांतले ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले, आणि प्रत्येक बळीसाठी त्यांनी सरासरी वीसच धावा दिल्या. त्या काळी खेळपट्ट्या उघड्या असत. त्या वर्षी मात्र इंग्लंडात उन्हाळा विलक्षण कडक पडला. कोरड्या खेळपट्टीवर चेंडू हवा तसा वळत नाही. त्यात मंदगती गोलंदाजाचे झेल हातून सुटले की त्याची मेहनत वाया जाते. पस्तिशीतल्या माणसाने या परिस्थितीत जून ते ऑगस्ट संघाचा भार वाहिला.

बाळूंच्या साऱ्या कारकिर्दीत प्रथम दर्जाचे सामने भरतात ३३. त्यांत बळी १७९, सरासरी अवघी पंधरा धावांची. या १७९ पैकी ७५ त्या एकाच उन्हाळ्यातले. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीतले पाचातले दोन बळी एकाच मोसमात! हा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिला तेव्हा मला आनंद होण्याऐवजी वाईट वाटले. या माणसाला असे दहा मोसम मिळाले असते तर? पंचविशीत मिळाले असते तर? पण पंचविशीत त्यांच्या हाती चेंडूपेक्षा रोलरचा दांडाच जास्त होता.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारात भीमराव आंबेडकर नावाच्या एका वीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याचा सहभाग होता. त्याच्या पिढीतल्या दलित मुलांना अभिमानाने बोट दाखवावे असा माणूस तोवर बाळूंशिवाय क्वचितच कोणी होता.

हिंदू संघाने मात्र बाळूंना चेंडू दिला, कप्तानी दिली नाही. वयाने, अनुभवाने, कर्तबगारीने ते सर्वांत वरचढ, तरी दर वर्षी दुसरेच नाव पुढे येई. मुकुंद पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनीच जाहीरपणे बोलून दाखवले की, हा मान वास्तविक बाळूंचा होता. पैंचा हा मोठेपणा. पण निवड करणाऱ्यांच्या कानावरून ते वाऱ्यासारखे गेले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत गोष्ट हातघाईवर आली. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी ज्येष्ठ असलेल्या विठ्ठलांना डावलून कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिले. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि जातीमुळे होणारा हा अन्याय आम्ही सहन करणार नाही, असे निवेदन वर्तमानपत्रात छापले. मुंबईत एकच चर्चा झाली. शेवटी तडजोड झाली. पै बरे होऊन परतले, पालवणकर बंधू संघात आले, आणि बाळूंना उपकर्णधार नेमले. सामना चालू असताना पै मधूनमधून मैदानाबाहेर जाऊन बसले. मुद्दामच बसले. तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंच्या हाती आली. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट मित्राच्या युक्तीने, तीही तासा-दोन तासांपुरती!

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी त्यांनी युरोपियनांना हरवले. प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. थोरल्याने नांगरले आणि धाकट्याने पीक घेतले, असेच याला म्हणावे लागेल. विठ्ठलांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले.

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. बाळू गांधीजींच्या बाजूला राहिले. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांप्रमाणे त्यांचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्धच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एके काळी ज्याने सत्कारात भाग घेतला त्याच्याच हातून पराभव! पण मला यात कटुतेपेक्षा दुसरेच काही दिसते. बाळूंनी संयमाने दार ठोठावले, आंबेडकरांनी दार कोणी बसवले हाच प्रश्न विचारला. घर एकच होते, आणि त्याच्या ओसरीबाहेर उभे राहण्याचा अनुभव दोघांनाही होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. इथे आमची हवेली पोर्तुगीज अमलातून २ ऑगस्ट १९५४ ला मुक्त झाली, त्याला तेव्हा वर्ष पुरे व्हायचे होते.

आता राहिलेले दुसरे कारण सांगतो. आमच्या कारखान्याचा एक क्रिकेट संघ आहे. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत रविवारी दमणगंगेच्या बाजूच्या मैदानांवर कारखान्यांचे सामने होतात. काथ्याच्या चटईवर खेळतो आम्ही. संघाचा मी सहा वर्षे चिटणीस आहे. खानवेलकडच्या एका पाड्यावरचा वारली मुलगा आमच्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली हमालीला आहे. तो डावखुरा नाही आणि फिरकीही टाकत नाही, उगाच साम्य ओढून आणत नाही. पण चार मोसम आमचे निम्मे बळी त्यानेच घेतले आहेत. सामन्याआधी तो चटई अंथरतो, खिळे ठोकतो, संपल्यावर गुंडाळून ठेवतो. कर्णधार दर वर्षी कोणी ना कोणी पर्यवेक्षक. असा काही नियम नाही. यादी मीच करतो, आणि माझ्या हाताला दर वर्षी तेच नाव लिहायची सवय झाली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मागच्या वर्षीच्या चषकाचा फोटो समोर भिंतीवर होता. मोजून पाहिले, दहाच जण. अकरावा कुठे गेला, म्हणून निरखून पाहिले, तर मागे दूर, पाठमोरा, चटई गुंडाळताना तो दिसला. त्याला कोणी हाक मारली नव्हती. संघाचा चिटणीस मी, हाक मारणे माझे काम होते. मी त्या वेळी चषकाची एक कडी हातात धरून मधोमध उभा होतो.

वसतिगृहातल्या त्या रात्री आम्ही भांडलो, बाळू कोणाचे म्हणून. मराठी खाट म्हणत होती आमचे, कन्नड खाट म्हणत होती आमचे. आज वाटते, मेलेल्या माणसावर हक्क सांगायला फारसे काही लागत नाही. तो जिवंत असताना त्याच्यासाठी कप पुढे करायचा होता, खुर्ची सरकवायची होती, यादीत त्याचे नाव वर लिहायचे होते. तेव्हा दोन्ही खाटांवर कोणी नव्हते. न्यायमूर्ती रानडे बोलले, मुकुंद पै मैदानाबाहेर जाऊन बसले. ही दोन नावे वगळली तर बाकीचे लोक वाईट होते असेही नाही. ते सवयीचे होते, माझ्यासारखे.

या मोसमाची यादी गेल्या शनिवारी मी सूचनाफलकावर लावली. पहिल्या ओळीत, कर्णधार या शब्दापुढे, त्या मुलाचे नाव आहे. दोन पर्यवेक्षक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ते बोलतील, किंवा न बोलोत. मुलाने यादी वाचली, बराच वेळ तिथेच उभा राहिला, मग माझ्याकडे येऊन हळूच एवढेच विचारले की, आता चटई कोण अंथरणार.

मी त्याला सांगितले की, आपण सगळे मिळून. दिवाळी झाली की पहिला रविवार येईल. त्या दिवशी सकाळी सात वाजता मैदानावर कितीजण येतात ते बघायचे आहे.